हसण्याचा दंड

आधीच सांगून ठेवते. मध्ये कुठं हसू आलं तर आमच्या गुरुजींवर हसा, माझी हरकत नाही, मी स्वतः लग्न झाल्यापासून हसतेय. पण बाजाराच्या गोष्टीवर हसायचं नाही. हसलात तर मला पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि माझे गुडघे आता तेवढा वेळ मांडी घालू देत नाहीत.

मी कुंदाबाई. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एक आश्रमशाळा होती, तिथं बावीस वर्षं मुलींची अधीक्षिका होते. वसतिगृहाची मालकीणच म्हणा. आमचे बन्सीलाल गुरुजी तिथंच मुख्याध्यापक. पोरं सगळी पावरा आदिवासींची. सहा-सात वर्षांची डोंगरातून खाली यायची, मराठीचा एक शब्द यायचा नाही, आणि हुकूम असा की शाळेच्या आवारात पावरी बोलायची नाही, शुद्ध मराठी बोलायची. आता शुद्ध मराठी मला तरी कुठं येत होती? मी धुळ्याजवळच्या खेड्यातली. रागावले की तोंडातून अहिराणीच निघायची. त्यामुळे त्या पोरी धडा वाचायच्या शुद्ध मराठीत आणि भांडायच्या अस्सल अहिराणीत. "मरीजाय, मन्हा डब्बाले हात लावस?" एकदा तपासणीला साहेब आले, ते म्हणाले, "बाई, यांची मातृभाषा फार गोड आहे हो." मी म्हटलं, "हो साहेब." काय सांगणार, ती माझी होती.

तर गेल्या होळीनंतरची गोष्ट. आम्ही आता धुळ्याला देवपुरात राहतो, पेन्शन खातो, एकमेकांचं डोकं खातो. एके सकाळी गुरुजींना फोन आला. फोन भाईदासचा. भाईदास आमचा जुना विद्यार्थी, आता त्याच्या पाड्याचा पोलीस पाटील. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आणि बाई, दोघं या. पंच बसणार आहेत. सुमलीची तक्रार आहे, शाळेतली. तिची आई भुरीबाई फार थकली आहे. आता हे मिटवल्याशिवाय जाणार नाही म्हणते."

सुमली म्हणजे आमचीच विद्यार्थिनी. आता तिकडच्याच उपकेंद्रात नर्स आहे. हुशार पोरगी, माझी लाडकी.

गुरुजींनी फोन ठेवला आणि तोंड असं केलं की वाटलं, यांना शुगर वाढल्याचं सांगितलं की काय. मी मात्र मनातून खूश झाले, खोटं कशाला बोलू. मारकुटा माणूस हो! निरगुडीचा फोक कायम खुर्चीमागे. पावरीत बोललं की हातावर दोन. मी तेव्हा ओरडायचे, ते ऐकायचे नाहीत.

"माले वाटनं, पोरे इसरी ग्यात," गुरुजी म्हणाले.

"भोगा आते," मी म्हटलं.

आठ दिवस माणूस फुलस्केप कागदावर माफी लिहीत होता. "सदर कालावधीत माझ्याकडून झालेल्या मारहाणीबाबत" अशी सुरुवात. मी म्हटलं, "अहो, पोरांची माफी मागताय की गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज करताय?" तिकडं मी माझी पिस्ता रंगाची साडी इस्त्रीला टाकली. माझा हिशेब सरळ होता. गुरुजींची खरडपट्टी निघणार आणि माझा शाल-नारळ होणार. त्या पोरींच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, तापात रात्र रात्र मी बसले. माझ्यावर कोण काय बोलणार?

चोपड्यामार्गे यावल, तिथून काळीपिवळी, केळीच्या बागा संपल्यावर चढ, आणि शेवटी भाईदासची मोटारसायकल दोन खेपा. मोहाच्या झाडाखाली खाटा टाकल्या होत्या. पंधरा-वीस बायामाणसं. एका खाटेवर सुमलीची आई बसली होती, एवढीशी, पायलीभर हाडं, बिडी ओढत. मला वाटलं होतं अंथरुणाला खिळलेली असेल. ही तर आमच्या दोघांपेक्षा ताठ बसलेली.

भाईदासनं रीत सांगितली. "ज्यानं केलं त्यानं स्वतः सांगायचं, काही न ठेवता. ज्याचं वाईट झालं तो दंड सांगणार. दंड भरला की एका पंगतीत जेवायचं. मग मिटलं. त्यानंतर तो विषय कोणी काढायचा नाही."

गुरुजी उठले, चष्मा लावला, कागद काढला. वाचत गेले, वाचत गेले. फोक, अंगठे धरणं, उन्हात उभं करणं, सगळं. पहिल्या पानावर त्यांचा आवाज कापत होता, दुसऱ्या पानावर मलाही वाईट वाटायला लागलं. तिसऱ्या पानावर एक पंच घोरायला लागला.

भाईदास म्हणाला, "गुरुजी, बसा. तुमचं आम्ही तेव्हाच मिटवलं."

"म्हणजे?"

"तुमच्या सायकलची हवा आठवते? चार वर्षं रोज जात होती."

गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे, मी तीन ट्यूबा बदलल्या! तो यावलचा सायकलवाला चोर आहे म्हणून मी त्याच्याशी भांडलो!"

"ट्यूबा चांगल्या होत्या," भाईदास शांतपणे म्हणाला. "ज्यानं मार खाल्ला, त्यानं हवा सोडायची. आमचा नंबर लागलेला असायचा. तरी तुम्ही स्वतःहून सांगितलं, बरं केलं. दंड म्हणून आज सगळ्यांना पाणी वाढा. तक्रार तुमच्यावर नाही. तक्रार बाईंवर आहे."

माय व! मला ते कळायलाच वेळ लागला. मी मागे वळून बघितलं, दुसरी कोणी बाई आली आहे का म्हणून.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी उभीच राहिले. उवा काढल्या, खरूज धुतली, टायफॉइडमध्ये मांडीवर घेतलं, माझ्या पोटच्या ललितला बाजूला ठेवून यांना दूध पाजलं, सगळं एका दमात बोलून टाकलं. सुमली खाली मान घालून ऐकत होती. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "बाई, सगळं खरं आहे. मी विसरले नाही. आता ती बाजाराची गोष्ट सांगा."

"कुठली?"

"तुम्ही सगळीकडे सांगता ती. मागच्या वर्षी धुळ्याला ट्रेनिंगला होते, तिथं एका सिस्टरनं मला सांगितली. त्यांच्या काकूच्या हळदीकुंकवाला तुम्ही सांगितली होती म्हणे. त्यांना माहीत नव्हतं मी कोण ते. खूप हसल्या."

तर ती गोष्ट. ही मी अशी सांगायचे, आणि तिथंही तशीच सांगितली, कारण पस्तीस वर्षं तोंडात बसलेली गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनं निघतच नाही.

बाजाराच्या दिवशी पालक भेटायला येत. व्हरांड्यात बाक, समोर माझी खुर्ची. भेट एक तास, आणि बोलायचं मराठीतच. पावरी बोलले की भेट बंद. सुमलीची आई तीन तास चालून यायची. तिला मराठी येत नव्हतं, मग ती गप्प. पोरगी माझ्या धाकानं गप्प. दोघी समोरासमोर बसायच्या आणि तास संपला की आई उठून जायची. असं दीड वर्ष चाललं. मी वहीत लिहायचे, "मुलगी शांत, वळण चांगले."

आणि एका बाजाराला ही बाई आली, बसली, पदर सारखा केला, आणि पोरीकडे बघून ठणठणीत मराठीत म्हणाली, "काय भाव दिला?"

पोरगी बघतच राहिली. आई म्हणाली, "महाग सांगू नको. कमी कर. चांगला निवडून दे. उद्या परत येईन."

इथं मी नेहमी तिची नक्कल करायचे. हात असा, मान अशी. मग सांगायचे की मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं की मी गुरुजींना हाक मारली, स्वयंपाकिणीला हाक मारली, म्हटलं, या हो या, ही पोटच्या पोरीचा भाव करतेय! आणि तिला म्हटलं, बोल, परत बोल. तिनं परत बोलून दाखवलं. सगळे पोट धरून हसलो.

इथं गोष्ट संपायची. इथं लोक हसायचे. मोहाच्या झाडाखाली कोणी हसलं नाही. माझा हात नक्कल करताना वर गेला होता, तो तसाच राहिला. तो खाली कसा आणायचा, मला समजेना.

भुरीबाईनं भाईदासकडे बघितलं. त्यानं तिला सगळं पावरीत सांगितलं. बावीस वर्षं तिथं राहूनही मला त्यातलं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. तिनं बिडी विझवली आणि बोलायला लागली. भाईदास एकेक वाक्य मराठीत सांगत होता.

"मी येडी नव्हते. बाजार मीच करत होते, भाव म्हणजे काय ते मला माहीत होतं. पण माझ्याकडे तेवढंच मराठी होतं. बाईंचा नियम होता, मराठीत बोला. काय बोला, असा नियम नव्हता. मी म्हटलं, तेवढं तर तेवढं. पोरीला माझा आवाज तरी ऐकू दे."

ती पुढं म्हणाली, "मला हसल्या, त्याचं काही नाही. डोंगरातली बाई हसण्यासारखीच दिसते. पण मी बघितलं, पोरगी खाली बघत होती. मला वाटलं, मी आले की तिला हसतात. म्हणून मी परत आले नाही."

सुमलीनं एकदम वर बघितलं. "म्हणून?" ती मराठीतच म्हणाली. "म्हणून आली नाहीस तू?"

आणि मग मला कळलं की हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. सुट्टीत न्यायला कोणी येत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे वसतिगृहातच राहायची. भाईदासनं मला सांगितलं, दहावीनंतर पोरगी घरी आली तेव्हा पावरी पार गेलेली. आई बोलली तर अर्धं कळतं, तोंडातून निघत नाही. आईला मराठी नाही. एका घरात राहतात, जेवायला वाढतात, औषध देतात, आणि काही सांगायचं झालं तर दोन्ही भाषा येणारी वहिनी मध्ये. वहिनीपुढं कोण विचारणार, आई, तू मला टाकून का दिलं होतंस?

मला लाज वाटली हो. अशी लाज की पिस्ता साडी अंगावर नको झाली. उवा काढणारी मीच आणि हे करणारीही मीच, आणि इतकी वर्षं ही गंमत म्हणून मीच वाटत फिरत होते. मी सुमलीला म्हटलं, "चुकलं ग माझं. काय दंड सांगशील तो भरते."

सुमली आईकडे बघायला लागली. म्हातारीनं दंड आधीच ठरवला होता. जिथं जिथं ही गोष्ट सांगून हसवलं, तिथं तिथं जायचं आणि पूर्ण सांगायचं. पूर्ण म्हणजे ती नंतर आली नाही, इथपर्यंत. कुठं लोक हसले तर तिथं परत जायचं. आणि रोज संध्याकाळी फोन करून सांगायचं, आज कुठं सांगितलं.

"फोनवर मी पावरीत करून सांगेन," भाईदास म्हणाला.

म्हातारी खेकसली. "तू नाही. सुमली सांगेल."

"मला येत नाही," सुमली म्हणाली. म्हातारीनं ते ऐकलंच नाही असं केलं.

मग पंगत बसली. मक्याची भाकर, उडदाची डाळ, वर लसणाची चटणी. गुरुजींचं मिटलं होतं, म्हणून पाणी वाढून झाल्यावर ते ऐटीत पंगतीला बसले. मला पान नाही. दंड भरला नाही तोवर एका पंगतीत बसता येत नाही. मी झाडाखाली एकटी, आणि हे समोर भुरके मारतायत, वर मला विचारतात, "कुंदा, तुले भूक लागनी का?" यावलच्या स्टँडवर दोन केळी खाऊन मी धुळ्याला आले.

दुसऱ्या दिवशी यादी करायला बसले. त्या माफीच्या कागदाच्या मागेच केली. पाठकोऱ्या कागदावर गुरुजींनी आकडे घातले आणि त्यांच्या अक्षरात यादी गेली चौदावर. भजनी मंडळ, पेन्शनरांचा मेळावा, अमळनेरचं लग्न, पारोळ्याची मुंज, ललितची सासुरवाडी. मी म्हटलं, इतकं सांगितलं मी? ते म्हणाले, "जास्त. काही लोक वारले."

एप्रिलच्या उन्हात मी हिंडले. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण पहिल्यासारखी मजा नाही आली." मी म्हटलं, मजेसाठी नाही सांगितलं! भजनी मंडळात मायलेकी दीड वर्ष गप्प बसल्या, इथपर्यंत मी आले तोच दोघींनी पदर तोंडाला लावला, कारण पुढचं त्यांना पाठ होतं. तिथं तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला मी अहिराणीत अशी काही बोलले की पेटी वाजवणारी उठून गेली. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. पेन्शनर मंडळींनी तर मला मध्येच थांबवून महागाई भत्त्याचा विषय काढला. त्यांच्याकडे अजून एकदा गेले.

सगळ्यात वाईट झालं ते सलीमाकडे. सलीमा बांगड्यांवाली, आग्रा रोडला बसते, माझ्या हातात तीस वर्षं बांगड्या तिनंच भरल्या. मी पूर्ण सांगितलं. ती माझा हात धरून बसली होती, बांगडी अर्ध्यात अडकलेली. म्हणाली, "बाई, मी तेव्हाही हसले नव्हते. तुम्ही हसत होता, म्हणून तुमच्या ध्यानात नाही आलं." घरी येऊन मी खूप रडले. गुरुजींनी चहा केला, साखर टाकायची विसरले.

आणि रोज संध्याकाळी फोन. पहिल्या दिवशी तीन वाक्यांना अर्धा तास लागला. मी बोलायचे, सुमली अडखळायची, वहिनीला शब्द विचारायची, म्हातारी ओरडायची, सुमली तोच शब्द परत म्हणायची. मी म्हटलं, या फोनमध्ये माझा जीव जाणार. पाचव्या दिवशी वहिनीचा आवाज कमी झाला. दहाव्या दिवशी वहिनी स्वयंपाकाला निघून गेली. म्हातारीच्या चौकशा तर संपतच नव्हत्या. विहीणबाईंनी काय खायला दिलं? भजनवाल्या बायका जाड की बारीक? पेटीवाली परत आली का? मी चिडून म्हटलं, "हिला काय करायचंय पेटीवालीशी?" सुमली म्हणाली, "बाई, ती विचारते, मी सांगते. मला मध्ये घेऊ नका." आणि हसली.

मी मात्र एकाच गोष्टीकडे डोळे लावून होते. म्हातारीनं "मिटलं" म्हणावं, मला एकदा पंगतीत बसवावं. तिचं वय बघता मला रोज धास्ती. तिच्या आधी यादी संपायला हवी. झोपेतसुद्धा मी चौदा मोजायचे.

काल चौदावं झालं. पारोळ्याच्या मुंजवाल्यांकडे सांगून आले, मुंजीतल्या मुलाचं आता लग्न झालंय, त्याची बायको ऐकून रडली. घरी आले, पाय धुतले, गुरुजींनी कागदावर शेवटची खूण केली आणि कागद माझ्यापुढे धरला. मी फोन लावला.

"सुमली, झालं ग सगळं" असं म्हणणारच होते. पण मी आधी पारोळ्याचं सांगितलं, ती सून रडली ते सांगितलं. सुमलीनं आईला ते सांगायला सुरुवात केली. न अडखळता. म्हातारी काहीतरी बोलली, सुमलीनं उलट उत्तर दिलं, म्हातारी खवळली. सुमलीचाही आवाज चढला. मग ती एकदम बारीक आवाजात काहीतरी विचारायला लागली, लांबलचक. मग म्हातारी हळूहळू बोलत राहिली, आणि सुमली मध्ये मध्ये नुसता हुंकार देत होती. मी फोनवर आहे हे त्या दोघी विसरल्या होत्या.

गुरुजी खुणेनं विचारत होते, काय म्हणते, मिटलं का? मी हात केला, थांबा. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. फोन कानाला लावून मी तशीच बसून राहिले. चांगला तासभर झाला असेल.

शेवटी सुमलीच्या लक्षात आलं. आवाज बसलेला होता. "बाई, आहात ना? आई विचारते, सगळं झालं का सांगून?"

मी यादीकडे बघितलं. म्हटलं, "नाही ग. एक लग्न राहिलंय."

"कुठलं?" गुरुजी कागद उलटापालटा करत म्हणाले. "चौदा व्हयनात ना व!"

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही चूप बसा," आणि सुमलीला म्हटलं, "उद्या संध्याकाळी फोन करते."